सेवेत खंड

अर्जाच्या चौथ्या पानावर रकाना आहे :
अध्यापनाचा अनुभव. वर्षे, महिने, दिवस.
मी अकरा लिहिते, मग खोडते.
तासिका तत्त्वावरची वर्षं नऊ महिन्यांची असतात.
एप्रिल संपताना कपाटाची चावी परत घेतात
आणि जुलैत विचारतात, नाव काय म्हणालात?

वरठा. यमुना रंध्या वरठा.
विषय : आदिवासी अध्ययन.
वर्ग तिसऱ्या मजल्यावर, घोडबंदर रोडकडे तोंड करून.
खिडकी उघडली की डंपर बोलतात,
बंद केली की मी.

विद्यार्थी अठ्ठावीस.
चोवीस क्रेडिटसाठी, तिघं स्पर्धा परीक्षेसाठी,
आणि एक शहापूरकडची मुलगी, आगिवले,
जी 'जमात' हा शब्द आला की
पेनाचं टोपण चावते.
तिच्यासाठी तो शब्द मी हळू उच्चारते,
दुखऱ्या दाढेवरून घास पलीकडे न्यावा तसा.

मागच्या वर्षी विभागानं माझ्या आत्याला बोलावलं.
पाड्यावरून येऊरची बस, मग रिक्षा.
पत्रात लिहिलं होतं : संसाधन व्यक्ती.
म्हणजे काय गं?
जिच्याकडनं घेतात ती, मी म्हटलं.
'मंग बरोबर हाय. जंगलखातं पन तेच करतं.'

ती कडूकंदावर बोलली.
चकत्या किती पातळ, राख कुठल्या लाकडाची,
वाहत्या पाण्यात टोपली रात्रभर कशी बांधायची
की कडूपणा जावा आणि कंद जाऊ नये.
विभागप्रमुखांनी विचारलं, राखेचं प्रमाण?
तिनं मूठ दाखवली.
त्यांनी लिहून घेतलं, एक मूठ.
कोणाची, ते लिहिलं नाही.

मानधनाच्या पावतीवर तिचा अंगठा. हजार रुपये.
माझ्या तासाला तेव्हा सहाशे पंचवीस.
पदराच्या गाठीत नोटा बांधताना म्हणाली,
'येवढं शिकलीस ते कशापायी?'
गेटवर आम्ही दोघी इतक्या हसलो
की वॉचमननं माझं ओळखपत्र मागितलं.

परवा मुलाखत झाली. पद एक, आमच्यासाठी राखीव,
'योग्य उमेदवार नाही' म्हणून सहा वर्षं रिकामं.
टेबलापलीकडे पाच जण आणि काजूची बशी.
माझं पडताळणी प्रमाणपत्र
एकानं खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं,
नोट पाहतात तसं.
दुसऱ्यानं चष्मा काढून विचारलं,
'तुम्ही त्याच समाजातल्या. मग तटस्थता कशी राखता?'
मला विचारायचं होतं,
सर, तुम्ही मराठी शिकवता. तुम्ही कशी राखता?
म्हणाले : प्रश्नावलीच्या साहाय्यानं.
त्यांनी मान डोलावली. मला माझीच लाज वाटली,
काजू मात्र मी एक घेतला.

आता हा दुसरा अर्ज, ऐरोलीच्या कॉलेजचा.
आत्या दारात बसून बघते आहे मी काय खोडते ते.
'वैशाखात तू मास्तरीण नाय, मंग कोन असतेस?'
मी सांगते, त्याला सेवेत खंड म्हणतात.
ती डोंगराकडे हात करते.
तिकडे खणायला आता मनाई आहे,
पण जागा तिला पाठ आहेत :
त्या खडकाच्या डावीकडे, ऐनाच्या बुंध्याशी.
वर काही दिसत नाही.
वेल वाळून गेला की मगच, ती म्हणते, कंद भरतो.

ही गोष्ट रकान्यात बसत नाही.
बसवायचीही नाही मला, पुन्हा कोणीतरी लिहून घेईल.

फोन वाजतो. आगिवलेचा मेसेज :
मॅडम, जुलैत तुम्हीच असाल ना?
मी 'हो' लिहिते. मग खोडते.
मग लिहिते, टोपण चावू नकोस,
पहिल्या बाकावर बस.